आठ कार्डं आणि प्याद्याची मात

त्या आठ कार्डांवरची लाल रेघ माझ्या हातची होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली दहा वर्षं काढली त्या सरांना नाही. वडील गेले, त्यांनाही सांगायचं राहिलं. मी मुळात बोलणारा माणूस नव्हे. घरात म्हणतात, यांच्या तोंडून एक वाक्य काढायचं म्हणजे खोल विहिरीतून पोहऱ्यानं पाणी काढायचं. तेव्हा सगळं एकदम जमेल असं वाटत नाही. पण एक वाक्य तर लिहून झालं.

काळ सत्तरच्या दशकातला, साधारण मधली वर्षं. मी सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवत होतो. कॉलेजात संगणक नव्हता. तो पुण्याला, एका मोठ्या संस्थेत. आमच्याकडे होतं फक्त कार्डांना भोकं पाडणारं पंचिंग मशीन, जिन्याखालच्या खोलीत. प्रोग्राम लिहायचा म्हणजे आधी चौकटींच्या कागदावर पेन्सिलीनं, एका चौकटीत एक अक्षर. त्या कागदाला कोडिंग शीट म्हणायचे. शीट ऑपरेटर बाईंकडे द्यायचं, त्या एका ओळीचं एक कार्ड करायच्या. कार्डांचा गठ्ठा पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोकं सुतळीनं बांधून शिपायाच्या डोक्यावर, तिथून एस.टी. स्टँड, आणि पुण्याच्या गाडीत कंडक्टरच्या पायाशी. पुण्याला संस्थेचा माणूस ते उतरवून घ्यायचा. प्रोग्राम चालला की पडला हे सांगणारे छापील कागद आठवड्यानं त्याच वाटेनं परत यायचे. एक स्वल्पविराम चुकला असेल तर कागदावर तेवढंच यायचं, अमक्या ओळीत चूक. गेला आठवडा.

वाचणाऱ्याला वाटेल, काय वैताग असेल. खरं सांगतो, त्या वर्षांइतका मी पुन्हा कधी सुखात नव्हतो. खोकं गेलं की आठवडाभर प्रोग्राम डोक्यात चालायचा. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचं, भडंगाची पुडी मांडीवर, आणि मनात एकेक ओळ तपासायची. हत्ती या घरातून निघाला, वाटेत कोण आडवं आलं, थांब. उंट निघाला, पटाची कड आली, थांब. यंत्राला कड दिसत नाही, ती सांगावी लागते. म्हणून मी आठ गुणिले आठच्या पटाभोवती खोट्या घरांची एक कुंपणपट्टी घातली होती. सोंगटी कुंपणात गेली की यंत्रानं मागं फिरायचं. अशी एखादी युक्ती घाटावर सुचली की घरी जाताना सायकल हातात धरून चालतच जायचो. बसून चालवली तर विसरेन असं वाटायचं.

बुद्धिबळाचा हा नाद सरांमुळे. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. परदेशी मासिकांत त्यांनी वाचलं होतं की तिकडे यंत्रं डाव खेळतात. सांगली तर बुद्धिबळाची. चार पानपट्ट्या सोडून एक दुकान असं असेल जिथे काउंटरवर पट मांडलेला नाही. सर म्हणाले, "गावाला शोभेल असं काहीतरी करू या." मला म्हणाले, "तुम्ही खेळता ना?"

मी खेळायचो. पण मी शिकलो होतो तो सांगलीचा नव्हे, गावाकडचा डाव.

आमचं गाव सातारा तालुक्यात. वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. शेतात ऊस, संध्याकाळी पारावर पट. कापडी पट, चारी कोपऱ्यांना दगड. मी त्यांना आबा म्हणायचो, गाव सुभेदार म्हणायचं. त्या पाराचे नियम वेगळे. प्यादं पहिल्यांदा असो की नंतर, एकच घर चालणार. राजाला, शह बसायच्या आधी, एकदा घोड्यासारखी उडी घ्यायची मुभा. समोरच्याला हलायला घरच ठेवलं नाही आणि शहही दिला नाही, तर कोंडणाऱ्यानं आपली चाल परत घ्यायची आणि दुसरी खेळायची. त्यात कुणाचं काही जायचं नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मात कशानं केली. वजिरानं मात केली तर ठीक. हत्तीनं केली तर बरं. पण प्याद्यानं केली तर सगळा पार उठून उभा राहायचा. हातात असलेली वजिराची मात सोडून आबांना प्याद्यासाठी दहा-दहा चाली थांबलेलं मी पाहिलंय. कधी डाव हातचा जायचाही. गेला तर हसायचे.

हे नियम माझ्या बोटांत इतके मुरले होते की पहिल्या प्रोग्रामच्या पहिल्या छापील डावात तिसऱ्याच चालीला आमचा राजा घोड्यासारखी उडी मारून प्याद्यांच्या पुढे जाऊन बसला. मीच राजाच्या चालींत ती उडी लिहून ठेवली होती, न कळत. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "अहो, हा राजा कुठला?"

दारात उभ्या असलेल्या ऑपरेटर बाई म्हणाल्या, "साताऱ्याचा असंल सर. घोड्यावरनंच येतोय."

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मीही हसलो. पण शीट दुरुस्त करताना कान गरम झाले होते.

ऑपरेटर बाई सांगलीजवळच्या एका गावच्या, जैन शेतकरी घरातल्या. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील, बोलण्यात मात्र मोठ्या बहिणीसारख्या. टायपिंगच्या परीक्षेत पहिल्या आल्या म्हणून कॉलेजनं घेतलेलं, पण तात्पुरतं. दर सहा महिन्यांनी नेमणुकीचा कागद नवा. त्यांचे वडील एकदा कॉलेजात आले होते. धोतर, पांढरी टोपी, हातात पेरूंची पिशवी. पेरू टेबलावर ठेवले आणि उभ्यानंच मला म्हणाले, "आवं सर, पोरगी इथं कायम झाली तर मी काय बोलणार न्हाई. पर ह्या दिवाळीपतोर न्हाई झाली तर घरी नेणार. लोकं इचारत्यात."

बाई मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "अण्णा, पेरू ठिवा आन् गाडी गाठा. सर गणिताचं हायत, कायमचं न्हवं."

वडील गेल्यावर मात्र त्यांनी मला विचारलं, "होईल ना हो सर, दिवाळीच्या आत?" मी म्हणालो, होईल. सरांनी शिफारस केली होती, ते मला माहीत होतं. काम तर असं की बोट ठेवायला जागा नाही.

त्यांची एक पद्धत सांगायलाच हवी. गठ्ठा पुरा झाला की त्या तो टेबलावर ठोकून सारखा करायच्या आणि वरच्या कडेवर लाल पेन्सिलीनं एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढायच्या. एखादं कार्ड इकडचं तिकडं झालं की रेघ तुटलेली दिसायची. एकदा आमचं खोकं कराडला कंडक्टरच्या पायाखालून निसटलं, सुतळी तुटली, आणि हजारभर कार्डं बसच्या तळाशी. कंडक्टरनं ती पोत्यात भरून परत पाठवली. मी कपाळाला हात लावला. बाईंनी ओट्यावर सतरंजी टाकली, कार्डं ओतली आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही चहा घेऊन या. इथं उभं राहून रडू नका." दुसऱ्या दिवशी दुपारी गठ्ठा उभा, रेघ सरळ. एक कार्ड कमी होतं, तेही नेमकं कोणतं ते त्यांना ठाऊक.

वर्षभरात प्रोग्राम खेळायला लागला. आम्हाला पुण्याच्या यंत्राचा वेळ मिनिटांच्या हिशेबानं मिळायचा, त्यामुळे तीन चालींच्या पुढचं बघणं परवडत नव्हतं. मी एक सुधारणा केली. यंत्रानं चाली वाटेल त्या क्रमानं तपासायच्या नाहीत. आधी मारामारीच्या, मग शहाच्या, मग उरलेल्या. चांगली चाल लवकर सापडली की वाईट चालींच्या फांद्या बघायच्या राहिल्या तरी चालतं. एवढ्यानं वेळ निम्म्याखाली आला. सरांनी हे एका परिषदेत वाचलं, माझं नाव आधी घालून. मोठा माणूस. नंतर दोन ठिकाणांहून आमच्या गठ्ठ्याची प्रत मागणारी पत्रं आली. त्या प्रतीही बाईंनीच काढल्या.

पहिला जिंकलेला डाव मी गावी घेऊन गेलो. छापील कागद, घडी पडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. आबा पारावर होते. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचता येण्यासारखा नव्हताच, तो मला परत दिला आणि म्हणाले, "तूच सांग. यंत्रानं मात केली?"

"केली."

"कशानं?"

"वजिरानं."

"हां."

एवढंच. मग शेजाऱ्याला म्हणाले, "तुजी चाल हाय रं." मी पाराच्या कडेला बसून राहिलो. तेहतीस वर्षांचा होतो, कॉलेजात मुलं मला बघून उठून उभी राहायची. आबांनी मला कधी मारलं नाही, कधी रागावले नाहीत. शाब्बासही कधी म्हणाले नाहीत. 'हां' म्हणायचे. मॅट्रिकला हां, पदवीला हां, नोकरीला हां.

त्या वेळी गावाहून परत येताना गाडीतच मी त्या आठ ओळी मनात लिहिल्या. मात दिसत असली तरी, समोरच्या राजापासून दोन घरांच्या आत आपलं प्यादं असेल, तर आधी ते प्यादं पुढं सरकव. मात मग कर. जमली तर प्याद्यानंच कर.

शीटवर लिहिल्या नाहीत. शीट सरांच्या हाताखालून जायचं. सरांनी विचारलं असतं, हे कशासाठी? आणि मला म्हणावं लागलं असतं, वडिलांसाठी. बाई जेवायला लिंबाखाली गेल्या होत्या, तेवढ्यात मी मशीनवर बसलो. दोन बोटांनी आठ कार्डं पाडली. बाई ओळींना दहा-दहाच्या टप्प्यानं नंबर द्यायच्या, मध्ये जागा असावी म्हणून. त्या जागेत माझी बसली. गठ्ठ्यात घातल्यावर त्यांची रेघ आठ कार्डांपुरती तुटलेली दिसू लागली. मग ड्रॉवरमधली त्यांचीच लाल पेन्सिल घेऊन मी तेवढा तुकडा जोडला. त्या वेळी मनात काही वाईट नव्हतं. बाईंनी बघून चेष्टा करू नये, एवढंच. पुन्हा साताऱ्याचा राजा नको.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर सामना ठरला. दक्षिणेतल्या एका कॉलेजानंही असा प्रोग्राम केला होता. दोन्ही गठ्ठे पुण्याच्या एकाच यंत्रावर चालवायचे, एकाची छापील चाल दुसऱ्याला द्यायची, एका दिवसात डाव संपवायचा. सर स्वतः गठ्ठा मांडीवर घेऊन पुण्याला गेले. इकडे कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही प्लायवुडचा मोठा पट भिंतीला उभा केला, प्रत्येक घराला खिळा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या. पुण्याहून ट्रंक कॉलवर चाली यायच्या, हेडक्लार्क त्या चिठ्ठीवर लिहून पाठवायचे, आणि बाई काठीनं सोंगट्या हलवायच्या. मी बाजूला उभा राहून समजावून सांगायचो. गावातले झाडून सगळे खेळणारे आले होते. प्राचार्य होते, संस्थेचे चार-दोन मोठे लोक होते. आणि पहिल्या रांगेत, साताऱ्याहून सकाळच्या गाडीनं आलेले, फेटा बांधलेले आबा.

डाव आमचाच होता. दुपारी चारपर्यंत समोरच्याचा राजा एकटा उरला, आमच्या उजव्या हाताच्या दूरच्या कोपऱ्यात. आमचा राजा त्याच्यासमोर, मध्ये एक घर. आमच्या राजाच्या डावीकडे एक घर सोडून आमचं प्यादं. आणि हत्ती पार पलीकडच्या कडेला मोकळा. हत्ती सरळ शेवटच्या रांगेत न्यायचा, की मात. हॉलमधल्या प्रत्येकाला दिसत होती. मागून एक पेन्शनर मास्तर ओरडलेच, "अहो सर, तुमचं यंत्र चहाला गेलं का? हत्ती टाका म्हणावं!" लोक हसले. टाळ्यांसाठी हात वर आलेले.

चिठ्ठी आली. बाईंनी वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली. हळूच म्हणाल्या, "सर, हत्ती होता की तिथं." आणि काठीनं प्यादं एक घर पुढं सरकवलं.

राजा कोंडला. शह नाही, पण हलायला एकही घर नाही. सांगलीच्या, पुण्याच्या, साऱ्या जगाच्या नियमानं डाव बरोबरीत. मला ते कळायला हॉलमधल्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. मी आठ ओळी लिहिताना कोंडीचा विचारच केला नव्हता. लहानपणापासून कोंडी म्हणजे चाल परत घ्यायची, संपलं. तिनं डाव जातो हे मी पुस्तकात वाचलं होतं, प्रोग्रामच्या दुसऱ्या भागात लिहिलंही होतं, पण त्या आठ ओळी लिहिणारा मी पारावर बसलेला होतो.

टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले. आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "शाब्बास!"

आबा उभे राहिले होते. "शाब्बास रं गड्या. हत्तीची मात टाकून प्याद्याकडं गेलं. ह्याला म्हनायचं खेळ. घ्या ती चाल माघारी आन् खेळा फुडं, होतीय मात."

कुणीतरी त्यांना खाली बसवलं, नियम समजावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तुमचा नियम चुकीचा हाय."

संध्याकाळी स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा ते भलतेच खुशीत होते. गाडीत चढण्याआधी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू त्याला शिकवलं न्हाईस न्हवं? त्याचं त्यालाच सुचलं?"

मी म्हणालो, "त्याचं त्यालाच."

"लय शाणं यंत्र हाय," आबा म्हणाले. गाडी सुटली. मी स्टँडवर उभ्यानं उसाचा रस घेतला. खोटं सांगण्यात अर्थ नाही, मी त्या क्षणी पूर्ण सुखात होतो. बरोबरी झाली होती, प्राचार्य नाराज होते, आणि मी सुखात होतो.

सर दुसऱ्या दिवशी परतले. त्यांनी छापील प्रोग्राम आणि माझी कोडिंग शीटं शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवली. दुपारपर्यंत त्यांना आठ ओळी सापडल्या, ज्या शीटवर नव्हत्या. सरांनी गठ्ठा मागवला, बाईंना बोलावलं. मी तिथेच होतो.

"ही कार्डं कुठून आली?"

बाईंनी कार्डं हातात घेतली, उजेडात धरली. "माझी नाहीत सर."

"गठ्ठा तुमच्याशिवाय कुणाच्या हातात नसतो."

"नसतो. पण ही माझी नाहीत. मी शीटवर नाही ते पाडत नाही."

"दुसऱ्या कुठल्या कामाची मिसळली असतील."

"मिसळली असती तर रेघ तुटली असती."

सरांनी गठ्ठ्याची कड त्यांच्यासमोर धरली. रेघ सलग होती. "ही रेघ तुमचीच ना?"

बाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. त्यांनी स्वतःच शोधून काढलेली खूण आता त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होती. म्हणाल्या, "दिसतीय तर माझीच."

मग सर माझ्याकडे वळले. सर भले माणूस होते. त्यांनी मला पुरी संधी दिली. "तुम्ही काही घातलं होतं का मधे?"

मी म्हणालो, "शीटवर तर नाही, सर."

खरं होतं, शीटवर नव्हतंच. त्या वाक्याइतकं मोजून मापून बोललेलं दुसरं वाक्य माझ्या आयुष्यात नाही. का बोललो? बढतीचा कागद सरांकडे होता, हे एक. वडिलांच्या पाराचा नियम मी शास्त्राच्या कामात घुसडला हे कळलं तर लोक हसतील, हे दुसरं. पण ही दोनच कारणं असती तर मी रात्र उलटायच्या आत सरांच्या घरी गेलो असतो, असं मला वाटतं. तिसरं कारण स्टँडवरचं होतं. आबा गावभर सांगत होते की सुभेदाराच्या पोराचं यंत्र आपल्या मनानं प्याद्याकडं गेलं. ते आपल्या मनानं गेलं नव्हतं हे मला आबांच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं. पुन्हा 'हां' नको होतं.

बाईंच्या कागदावर 'कामात निष्काळजीपणा' असा शेरा पडला. कायम करण्याचा प्रस्ताव प्राचार्यांनी परत पाठवला. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पण पुढचं वर्ष बाईंच्या वडिलांच्या हिशेबात नव्हतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वडील आले. या वेळी पेरू नव्हते. बाईंनी मशीनवर कापड घातलं, ड्रॉवर रिकामा केला, माझ्या टेबलाशी आल्या. "सर, तुमच्या हत्तीचा भाग नव्या शीटवर लिहा. जुन्यावर पेन्सिल पुसट झालीय, नव्या माणसाला वाचता यायची नाही." एवढं बोलून गेल्या.

ती आठ कार्डं मी काढून टाकली. प्रोग्राम पुढे पुष्कळ जिंकला. दुसऱ्यांदा सामना झाला तेव्हा हत्तीनंच मात केली आणि हॉल दणाणला. त्या वेळी आबा आले नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "हत्तीची मात बघाया सांगलीला कोन येतंय?" पुढे मला बढती मिळाली, कॉलेजात संगणक आला, मुलं त्यावर माझाच प्रोग्राम चालवून शिकली. चाली क्रमानं तपासायची माझी पद्धत अजून कुठे कुठे वापरात आहे म्हणतात. आबा शेवटपर्यंत पारावर तो डाव सांगत असत. प्रत्येक वेळी प्यादं आणखी थोडं हुशार होत गेलं. ते गेले तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी मला त्या यंत्राचं विचारलं. मी या सगळ्यात सुखी नव्हतो असं म्हणणार नाही. मी सुखीच आहे. तेच मला अवघड जातं.

बाई मला एकदाच भेटल्या, तीन-चार वर्षांनी, सांगलीच्या स्टँडवर. हातात बेदाण्याची पिशवी, बरोबर एक लहान मुलगी. तासगावला दिलं होतं त्यांना. नवऱ्याचा बेदाण्याचा व्यापार, आणि त्यांनी स्वतः घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास काढला होता. "चांगलं चाललंय सर. पोरी पलूसवरनं येतात. नोकरी असती तर ह्यातलं काही झालं नसतं." मला मूठभर बेदाणे दिले. तासगावची गाडी लागली. त्या मुलीला चढवून दाराशी थांबल्या आणि अगदी सहज, जुन्या ओळखीच्या माणसाची चौकशी करावी तसं, म्हणाल्या, "सर, ती आठ कार्डं कुणाची होती, कळलं का हो कधी?"

मी म्हणालो, "नाही."

"मला अजून वाटतं, रेघ माझी नव्हती," त्या म्हणाल्या. "मी कोपऱ्यावरनं सुरू केली की एका दमात ओढते, मधेच पेन्सिल टेकवत नाही. पण तेव्हा सुचलं नाही बोलायला." गाडी हलली. मी बेदाणे तिथेच उभ्यानं खाल्ले. गोड होते.

सरांपुढचं माझं ते वाक्य एक वेळ भीतीत धरता येईल. स्टँडवरचं 'नाही' कशातच धरता येत नाही. तेव्हा मला कुणाची भीती नव्हती. बढती मिळून गेली होती. बाईही सुखात दिसत होत्या, म्हणून मी स्वतःची समजूत घातली की त्यांचं भलंच झालं. त्यांचं भलं त्यांनी केलं. त्यात माझा काही हात नव्हता.

आता माझी पन्नाशी झाली. हे लिहून छापायला दिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला समजतं. त्या हे वाचतील न वाचतील. त्यांचं घर मला माहीत आहे, सांगलीहून तासगाव तासाभराची वाट आहे. ती कार्डं मी पाडली आणि रेघ मी जोडली, हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं देणं मी लागतो. आणि त्यांच्या कागदावरचा 'निष्काळजीपणा' हा शब्द खोडून तिथे माझी सही करण्यासाठी कॉलेजला अर्ज करायचंही. दोन्ही देणी अजून दिलेली नाहीत.